तेराची तार

कोसाड, सुरत
१२ जानेवारी

आनंदी, जयभीम.

तुझं पोस्टकार्ड शुक्रवारी मिळालं. 'श्री. भाऊराव यांस. मुलीला गिटार घेतली आहे. तारा कोणत्या घालाव्या ते कळवावे. बाकी काही लिहू नये.' सोळा वर्षांनी चार ओळी. तुझ्या सुवर्णावहिनीनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे, आणि स्वभावही." मी तिला म्हटलं, विचारलंय ते मुद्द्याचं आहे. बाकी लिहू नये म्हणते तर लिहिणार नाही.

तर तारांबद्दल.

गिटार कोणती, ते तू लिहिलं नाहीस. गिटार न सांगता तार विचारणं म्हणजे लूम कोणता ते न सांगता सूत गुंडाळलेलं बीम मागणं. कारखान्यात असं कुणी माझ्याकडे मागायला आलं तर मी त्याला आधी चहा पाजतो आणि मग परत पाठवतो. म्हणून आधी हे बघ: गिटार मांडीवर धरली की जमिनीच्या बाजूला येतात त्या तीन तारा मासे धरायच्या दोऱ्यासारख्या पारदर्शक आहेत का? असतील तर ती नायलॉनची गिटार. तिला लोखंडी तार कधीही घालायची नाही, अगदी कुणी फुकट दिली तरीही. ताण जवळजवळ दुप्पट होतो आणि तारा जिथं अडकवतात ती घोडी मुळासकट उचकटून येते. तारा चकचकीत असतील तर लोखंडी. मग आकड्याचा प्रश्न येतो.

आकडा म्हणजे सर्वांत बारीक, पहिल्या तारेची जाडी. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले किती, तो आकडा. दहा, अकरा, बारा, तेरा. पाकिटावर 'लाइट', 'मीडियम' असं छापतात, त्यावर जाऊ नकोस. एकाची लाइट दुसऱ्याची मीडियम निघते. आकडा वाच. आकडा नसेल तर घेऊच नकोस. मी तर आकडा असला तरी मायक्रोमीटर लावतो. कारखान्यात लूमचा मास्तर झालो त्या वर्षी घेतलेला तो मायक्रोमीटर अजून आहे, आणि अजून शून्यावर बंद होतो.

हे मला कुणी शिकवलेलं नाही हे तुला माहीत आहे. गाठी मारत, सोडवत, माझं मी शिकलो. त्यामुळे चूक असेल तर ती माझीच असते आणि बरोबर असेल तेही माझंच.

नायलॉन की लोखंड, आणि गिटारची एकूण लांबी किती, एवढं कळव.

भाऊराव

कोसाड
२ फेब्रुवारी

आनंदी, जयभीम.

कार्ड मिळालं. 'लोखंडी. छत्तीस इंच. तिची बोटं बारीक आहेत.'

तिसरं वाक्य मी विचारलं नव्हतं. पण बरं झालं लिहिलंस.

छत्तीस इंचाची म्हणजे लहान गिटार. तिच्यावर वाजणारी तार आखूड, त्यामुळे तोच सूर लावायला ताण कमी लागतो. नियमानं बघितलं तर अकराच्या तारा चालतील. दहाच्या जरा ढिल्या वाटतील, जोरात छेडल्या तर दांडीवरच्या पडद्यांवर फरफरतील. तरीही दहाच घाल. फरफरणं हाताला कळतं, हात आपोआप हलका होतो.

भाऊराव दहा सांगतो याचं तुला नवल वाटेल. त्याचं कारण असं की हल्ली तारांचं लोखंड सुधारलं आहे. पूर्वी दहाच्या तारेत दम नसायचा. आता तसं राहिलं नाही.

घालायची पद्धत सांगतो. सहाही जुन्या तारा एकदम काढू नकोस. दांडी सहा तारांच्या ताणात उभी आहे, एकदम ताण गेला की ती हलते. एक काढ, एक घाल, सुरात आण, मग दुसरी. खुंटीवर दोन ते तीन वेढे, जास्त नाही. वेढे एकावर एक चढू देऊ नकोस, खाली खाली उतरत गेले पाहिजेत. नवी तार लावली की मधोमध दोन बोटांनी हळूच उचलून ओढायची, उतरेल तेवढी परत चढवायची, असं चार-पाच वेळा. नाहीतर पोरगी आठवडाभर सूरच लावत बसेल आणि तिला वाटेल आपलाच कान खराब आहे. उरलेलं टोक पकडीनं कापून वाकवून ठेव. ते टोक डोळ्यांत जाऊ शकतं.

आणि तिला वाजवून झाल्यावर हात दाखवायला सांग. बोटाच्या टोकाला वण पडतील, ते पडू देत. पण बोटाच्या सांध्यात, तळहाताकडच्या बाजूला दुखतं म्हणाली तर त्याच दिवशी थांबव.

भाऊराव

कोसाड
१ मार्च

आनंदी, जयभीम.

तुझं कार्ड आलं नाही. तू विचारलेलं मी सांगून झालं, तेव्हा न येणं बरोबरच आहे. पण मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे आणि ते तसंच ठेवून मला झोप लागत नाही. पत्र टाकण्याआधी सुवर्णानं वाचलं होतं. ती म्हणाली, "लोखंड सुधारलं होय? तुम्ही सुधारलात म्हणायला जीभ रेटत नाही वाटतं." मी तरी ते पाकिटात घातलं.

लोखंड सोळा वर्षांपूर्वीही तेच होतं.

ऑक्टोबरपासून माझ्या डाव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच राहायला लागली. दुसऱ्या हातानं उघडावी लागे, आणि उघडताना खटकन् आवाज यायचा, चाप सुटल्यासारखा. अमरोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. लूम्स सांगितले. घरी काय करता, तर गिटार सांगितली. त्यांनी बोटांची टोकं दाबून बघितली आणि विचारलं, इतकी जाड तार वाजवायला कुणी सांगितलं. मी म्हटलं, कुणी नाही, माझं मी शिकलो.

"ए तो देखाय छे," डॉक्टर म्हणाले. ते दिसतंच आहे.

मग मी स्टेशनजवळच्या दुकानातून दहाचा संच आणला. दुकानदार मला वीस वर्षं ओळखतो. त्याला सांगितलं, एका मुलाला पाहिजे. घरी सुवर्णाला सांगितलं, तेराच्या संपल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी दार लावून घातल्या आणि वाजवायला बसलो. अर्ध्या तासानं ती दार ढकलून आत आली आणि म्हणाली, "आज गिटार तुमच्याशी भांडत नाहीये." खरं तेच होतं. जे सूर मी तीस वर्षं ढकलून काढायचो, ते नुसतं बोट ठेवल्यावर येत होते. आनंदी, मला राग आला. गिटारीचा नाही.

ते पुढे कधीतरी. आज तारा कधी बदलायच्या ते लिहितो. तू विचारलेलं नाहीस, पण विचारणार होतीस.

लूमवर आपण तुटला तो धागा गाठ मारून पुढे चालवतो. तुटला नाही त्याला हात लावत नाही. मी गिटारीलाही तेच केलं. खुंटीजवळ तार तुटली की विणकराची गाठ मारून जुना तुकडा जोडायचा, गाठ खुंटी आणि दांडीच्या टोकाच्या मध्ये राहिली की सुरात बाधा येत नाही. माझी एक तार तीन गाठींवर दोन वर्षं चालली. लोकांना दाखवायचो. आवाज गेला की सहाही तारा चहाच्या भांड्यात उकळायचो. तेलकटपणा आणि मळ निघतो, दोन दिवस चांगल्या वाजतात, मग पुन्हा तेच. चहाला लोखंडाचा वास आला की सुवर्णा ते भांडं माझ्या अंगावर टाकायची बाकी ठेवायची.

आता कळतं ते असं: तार तुटायच्या आधी मरते. तुटण्याची वाट बघू नये. बोट फिरवलं की खरखर लागते का बघ, काळे डाग पडलेत का बघ. सूर लावून दिला तरी पोरगी दहा मिनिटांत बेसूर व्हायला लागली तर तिला रागावू नकोस, तार बघ. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या सुराशी जुळत नसेल तर तार संपली. आणि तारेच्या खालच्या अंगाला नख लावून बघ. जिथं ती पडद्यावर आपटते तिथं बारीक खळगे पडलेले असतात. मेलेल्या तारेवरचे हे खळगे मोजले तर वाजवणारा कुठं कुठं वाजवत होता ते सांगता येतं. माझ्या जुन्या तारांवर सगळे पहिल्या तीन पडद्यांत आहेत. जाड तारेवर माणूस वर जायचं टाळतो.

तुमच्या भुसावळची हवा कोरडी, तिकडे तारा जास्त टिकतील. आमच्याकडे खाडीची दमट हवा आणि माझा घामट हात, महिन्यात काळ्या पडतात. पोरगी रोज अर्धा तास वाजवत असेल तर दोन-तीन महिन्यांनी बदल. वाजवून झालं की जुन्या सुती कापडानं पुसायला सांग, वरून आणि खालूनही. खालून कुणी पुसत नाही.

भाऊराव

कोसाड
२३ मार्च

आनंदी,

बाकी काही लिहू नये असं तू म्हटलं होतंस. हे बाकी आहे की तारांबद्दलच आहे, हे मला ठरवता येत नाही. तू वाच आणि ठरव. बाकीचं वाटलं तर फाड.

काल मी मायक्रोमीटर काढला. दहाची तार पाव मिलिमीटर भरते. तेराची एकतृतीयांश. फरक आठ शतांश मिलिमीटर. डोक्यावरचा एक केस काढून मोजला, तो सात भरला. म्हणजे एका केसाएवढा फरक. पण एकाच सुराला ताण जाडीच्या वर्गानं वाढतो, तेव्हा तेराच्या पहिल्या तारेला दहाच्या जवळजवळ पावणेदोनपट ताण लागतो. हे गणित मला तेव्हाही येत होतं. लूमवर ताणा, म्हणजे उभे धागे, किती घट्ट ठेवायचा ते मी बोटानं सांगायचो आणि घट्ट ताण्यातच कापड बरं येतं म्हणायचो. तुझा हात मी ताण्यासारखा बघितला.

तू मला तीन वेळा सांगितलं होतंस. एकदा स्वयंपाकघरात, एकदा डिंडोलीच्या कार्यक्रमावरून रिक्षात येताना, एकदा जयंतीच्या आदल्या दिवशी. "दादा, बोट दुखतं. माझ्या गिटारीला बारीक तारा घाल." पहिल्यांदा मी म्हटलं, सवय होईल. दुसऱ्यांदा म्हटलं, मुलगी म्हणून सवलत मागू नकोस. तिसऱ्यांदा मी उठून दुकानात गेलो आणि नव्या तारा आणल्या. तेराच्याच.

का, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मी सतरा वर्षांचा असताना उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एका गार्डानं बदली होताना मला त्याची जुनी गिटार दिली. तिच्यावर होत्या त्या जाड तारा. पहिली तुटली तेव्हा आख्ख्या सुरतेत मला दुकान माहीत नव्हतं, म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक काडी सोडवून लावली. पुढे दुकान सापडलं, त्याच्याकडे एकच प्रकार यायचा, तेराचा. मिळत होत्या त्या मी वापरल्या. मग आपल्या गायन पार्टीत लोक विचारायला लागले, भाऊराव, एवढी जाड तार का? मिळत नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, जाड तारेचाच आवाज खरा. ते अगदी खोटंही नव्हतं, जाड तारेचा आवाज मोठा येतो. पण इतक्या वेळा म्हणालो की बाजारात बारीक तारा आल्या तेव्हा त्या मला अपमानासारख्या वाटल्या. ज्यांना हात नाही त्यांच्यासाठी. आणि तू त्या मागितल्यास.

जयंतीच्या दिवशी मैदान भरलेलं होतं. आपल्या पार्टीत गिटार वाजवणारी तू पहिली मुलगी. बायका पुढे येऊन बसल्या होत्या, तुझ्यासाठी. अंतऱ्यात तू पहिल्या तारेवर पाचव्या पडद्यावरून सातव्यावर सरकत जायचीस. ती जागा मी कधी तुला शिकवलेली नव्हती, मला ती येतही नव्हती, तुझी तू काढलेली होतीस. तिथंच तुझी अनामिका अडकली. तू हात वर केलास. बोट मिटलेलं होतं आणि उघडत नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस. माईक माझ्यासमोर होता. मी म्हटलं, "आमच्या बहिणीचा हात पोळ्या लाटायला तयार झालाय, गिटारीला नाही."

लोक हसले. तू गिटार स्पीकरच्या खोक्याला टेकवून ठेवलीस. पाडली नाहीस, आपटली नाहीस, नीट टेकवलीस. आणि पायऱ्या उतरून गेलीस.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या जागी पार्टीतल्या राकेशला उभं केलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलो, पोरीला चिकाटी नव्हती. लग्नानंतर भुसावळला तुझ्या बोटाचं ऑपरेशन झालं, हे मला त्याच वर्षी कळलं होतं. कळलं नाही असं दाखवलं. आई गेली तेव्हा तू आलीस, माझ्याकडेसुद्धा बघितलं नाहीस. तेव्हाही मी मनात म्हटलं, किती हा ताठा. ताठा कुणाचा होता ते मला माझं बोट मिटल्यावर कळलं. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं कळायला मला माझंच दुखणं लागलं. मोठेपणाची गोष्ट नाही ही.

तुझा हात बरोबर होता. तार चुकीची होती आणि ती मी घातली.

पत्रात लिहून हे फिटत नाही हे मला समजतं. कापडात दोष जिथं पडला तिथंच खूण करावी लागते, दुसऱ्या टोकाला करून उपयोग नाही. मी ते माईकवर बोललो होतो. १४ एप्रिलला आमच्या वसाहतीत कार्यक्रम आहे. मी माईकवर सांगणार आहे. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

भाऊराव

कोसाड
१९ एप्रिल

आनंदी, जयभीम.

चौदा तारखेला सांगितलं. फार काही घडलं नाही. दुसऱ्या गाण्याच्या आधी मी माईक घेतला आणि म्हटलं, सोळा वर्षांपूर्वी याच दिवशी मी माझ्या बहिणीबद्दल माईकवर एक वाक्य बोललो होतो, ज्यांना आठवत असेल त्यांनी ऐकावं. तिचं बोट माझ्या हट्टानं, मी घातलेल्या तारांनी दुखावलं होतं. तिला चिकाटी नव्हती असं मी सांगत आलो, ते खोटं होतं. तिच्याएवढा हात आपल्या पार्टीत कुणाचाच नव्हता, माझाही नाही. मध्येच स्पीकरनं शिट्टी मारली, त्यात एक वाक्य गेलं, म्हणून ते मी परत म्हटलं. निम्मी माणसं तेव्हा इथं राहतही नव्हती, ती जेवणाच्या रांगेकडे बघत होती. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या कलाबाईला मात्र सगळं आठवत होतं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि बोलणं पुरे म्हणून वरून मलाच दटावलं, "व्हयनं का तुनं बोलनं? आते वाजाड." मी वाजवलं. दहाच्या तारांवर. अंतऱ्यातली तुझी जागा मी सोडून दिली, ती मला अजून येत नाही.

काल एक पाकीट आलं. अक्षर तुझं नव्हतं. आत एक तार गुंडाळी करून चिकटपट्टीनं चिकटवलेली आणि वहीच्या पानावर तीन ओळी. 'मामा, ही पहिली तार मी स्वतः बदलली. ही मेली होती का ते सांगा. आई म्हणते मामालाच कळेल. संघमित्रा.'

मामा हा शब्द मी दोनदा वाचला. सुवर्णानं चार वेळा वाचला आणि शेजारी दाखवून आली.

तर तिला सांग, मामानं तार तपासली. जाडी दहाच भरली, दुकानदारानं फसवलेलं नाही. खुंटीवरचे वेढे अडीच, उतरते, नीट. टोक वाकवलेलं आहे. खालच्या अंगाला गंज नाही, म्हणजे ती खालूनही पुसते. असं पुसणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. तार मेली होती. वेळेवर बदलली, शाबास.

मग मी तार टेबलावर ताणून बसवली आणि खळगे मोजले. दोन्ही टोकांच्या वळ्यांमधलं अंतर पाचशे ऐंशी मिलिमीटर आहे, त्यावरून प्रत्येक पडदा कुठं येतो ते काढता येतं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पडद्यावर पुष्कळ खळगे आहेत, उथळ, जरा इकडेतिकडे. शिकणाऱ्या मुलीचे असतात तसे.

आणखी दोन खळगे आहेत. एक दांडीच्या टोकापासून एकशे पंचेचाळीस मिलिमीटरवर, एक एकशे त्र्याण्णववर. म्हणजे पाचवा आणि सातवा पडदा. हे खोल आहेत आणि अगदी एका जागी आहेत. दोघांच्या मधल्या तारेवर बारीक चमक आहे, बोट सरकत गेल्याची. एकदा-दोनदा सरकून अशी चमक येत नाही. तीन महिने शिकणारी मुलगी तिथं पोहोचत नाही.

मी भिंग घेऊन परत बघितलं. माझ्या मापात चूक नाही.

नवा संच सोबत पाठवतो आहे. दहाचाच आहे. तुम्हाला हवा तो आकडा तुम्ही ठरवा, नको असेल तर दुकानात बदलून घ्या.

बाकी काही लिहीत नाही.

दादा